वाडीतला पहिला वार्ताहर

भुशी धरण भरून वाहू लागलं, की लोणावळ्याची बातमी राज्यभर जाते. गाड्यांच्या रांगा, पोलिसांचा बंदोबस्त, पायऱ्यांवरची झुंबड, सगळं सविस्तर येतं. उन्हाळ्यात घाटरस्त्याला द्रोणांतून करवंदं विकणारी कातकरी बाई छायाचित्रात येते. तिच्या वाडीची बातमी मात्र कुणी दगावलं, नाहीतर कुणाला दाखले वाटले, एवढ्यापुरतीच. राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी कातकरी एक. कोलाम आणि माडिया गोंड हे दुसरे दोन. लोणावळा ज्या मावळ तालुक्यात आहे, तिथे ठाकर आणि महादेव कोळीही आहेत. या समाजांनी चालवलेलं, कुणाचंही मिंधं नसलेलं वृत्तपत्र इथे उभं राहायचं, तर सुरुवात पहिल्या नेमणुकीपासून व्हायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

आपल्याकडचा इतिहास याबाबत फार बोलका आहे. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यात 'सोमवंशीय मित्र' काढला. ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत डॉ. आंबेडकरांचा 'मूकनायक' आला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने या पत्राची जाहिरात छापली नाही. शिरोभागी अभंग होता तुकोबांचा.  डॉ. आंबेडकर तेव्हा सिडनहॅम या सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक होते, त्यामुळे संपादक म्हणून नाव लागलं पांडुरंग नंदराम भटकर या तरुणाचं. जुलैमध्ये बाबासाहेब लंडनला गेले आणि पुढे सूत्रं ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांच्याकडे आली. १९२३ साली पत्र बंद पडलं. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारत'मध्ये तर चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागत. एवढा समर्थ लेखक असूनही ते पत्र १९२९ साली थांबलं. लिहिणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या, वर्गणी गोळा करणाऱ्या माणसांना पोटापुरतं वेतन देण्याची ऐपत त्या चळवळीकडे नव्हती, आणि संस्थापकाची बुद्धी ही उणीव भरून काढू शकत नाही.

लिहिणारा माणूस घडवता येतो. २००२ साली चित्रकूटला सुरू झालेल्या 'खबर लहरिया' या वृत्तपत्रात नुकत्याच लिहा-वाचायला शिकलेल्या बायका बातमीदार झाल्या. पण मावळात अडचण आणखी वेगळी आहे. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबं मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर, कोळसा पाडायला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. निघण्याआधी मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी नवरा-बायको पहाटेपासून चिखल मळतात, साच्यात विटा थापतात, ओळीने वाळत घालतात. आठवड्याच्या खर्चीपुरते पैसे हातात पडतात. किती विटा भरल्या, उचल किती फिटली, हे मालकाच्या वहीत. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे, पण ती वही उघडायला लावणारा बातमीदार कुठे आहे? वाडीतल्या कातकरी मुलीला नेमलं, तर तिने भट्टीवर जाऊन वहीतले आकडे तपासावेत आणि माणसांना त्यांच्याच बोलीत विचारावं. कार्यालयातल्या खुर्चीवर बसवून तिचं काम होणार नाही.

आणि पैसा? तालुक्यातली छोटी पत्रं पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या आणि प्लॉट विकणाऱ्यांच्या जाहिरातींवर तगतात. वाडीच्या वाटेवर कुंपण पडलं तर ती बातमी प्लॉटच्या जाहिरातीशेजारी छापणं अवघडच. मालकी समाजाची असली तरी प्रश्न सुटतो असं नाही. अमेरिकेतल्या चेरोकी लोकांनी १८२८ मध्ये स्वतःच्या लिपीत 'चेरोकी फीनिक्स' काढलं. चेरोकींना त्यांच्या जमिनीवरून हलवण्याच्या वादात दुसरी बाजूही छापण्याचा आग्रह नेतृत्वाने मानला नाही, म्हणून संपादक इलायस बुडिनॉट यांनी १८३२ मध्ये राजीनामा दिला.

त्यामुळे अंक छापण्याआधी दोन गोष्टी कागदावर हव्यात: बातमीदाराचं निदान वर्षभराचं वेतन आणि तिच्या बातमीत देणगीदार, पुढारी किंवा संघटना ढवळाढवळ करणार नाहीत, ही हमी. पवना-वळवण धरणांच्या काठी ज्यांची शनिवार-रविवारची घरं आहेत, त्या पुण्या-मुंबईच्या वाचकांनी पहिली वर्गणी भरावी. बदल्यात त्यांना दर महिन्याला अंक मिळेल, आणि त्यात त्यांच्या कुंपणाची बातमीही असू शकेल.