आरंभक चलित्र, मोटारसायकलीचे

मोटारसायकलीचे बंद एंजिन किक न मारता विजेच्या साहाय्याने सुरू करणाऱ्या एकदिश प्रवाह चलित्रास आरंभक चलित्र म्हणतात. व्यवहारात त्यास ‘स्टार्टर’ किंवा ‘सेल्फ’ ही नावे रूढ आहेत. अमेरिकेतील ‘इंडियन’ मोटारसायकलीच्या १९१४ सालच्या ‘हेंडी स्पेशल’ या प्रकारावर ते बसविण्यात आले. परंतु तत्कालीन घटमाला अपुऱ्या पडल्याने हा प्रकार लवकरच बंद झाला. १९६९ च्या होंडा सीबी ७५० वर ते मूळचेच होते. भारतात तयार झालेल्या जुन्या बुलेट, जावा व राजदूत या मोटारसायकली मात्र किकनेच सुरू होत.

दोष व दुरुस्ती : जोगेश्वरीसारख्या मुंबईच्या उपनगरांत दमट, खारट हवेमुळे जोडण्या गंजतात. म्हणून प्रथम घटमाला, तारा व रिले तपासतात. पुष्कळदा दोष तेथेच आढळतो. चलित्र खोलण्यापूर्वी कवच व झाकणे यांवर जुळणीच्या खुणा करतात आणि आसावरील चकत्यांचा क्रम नोंदवितात. झिजलेले कार्बनाचे ब्रश बदलतात. दिक्परिवर्तकाच्या तांब्याच्या पट्ट्या बारीक काचकागदाने साफ करून त्यांमधील अभ्रक किंचित खाली कोरतात. पट्ट्यांत परस्परांत विद्युत् संवहन असावे. पट्टी व आस यांत ते आढळल्यास निरोधन निकामी झाले असे समजून आर्मेचर पुन्हा गुंडाळावे लागते. आर्मेचर रॉकेलात किंवा पेट्रोलात बुडवून ठेवू नये. त्यामुळे गुंडाळीवरील रोगणास इजा पोहोचू शकते.

भागांची ओळख : केवळ आकारसाम्यावरून भाग निवडणे धोक्याचे असते, फिरण्याची दिशा, दात्यांची संख्या व विद्युत् दाब (६ किंवा १२ व्होल्ट) हेही जुळावे लागतात. होंडाच्या भागक्रमांकातील पहिले पाच अंक भाग दर्शवितात (३१२०० म्हणजे आरंभक चलित्र), तर पुढील तीन अंक मोटारसायकलीचा प्रकार दर्शवितात (३०० म्हणजे आरंभीची सीबी ७५०). लूकस कंपनीच्या अनेक भागांवर निर्मितीचा काळ ठोकलेला असतो. असे अंक घासून किंवा रंगवून नष्ट करू नयेत.

या ओळखीस कायदेशीर महत्त्वही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, ५० वर्षांहून जुन्या वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा नोंदणी क्रमांक मिळू शकतो. मात्र ते मूळ स्वरूपात असावे लागते व त्याच्या सांगाड्यात किंवा एंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा लागतो. त्यामुळे जुन्या बुलेटचे एंजिन कापून आरंभक बसविणे सोयीचे वाटले, तरी त्यामुळे वाहनाचे मूळपण व पर्यायाने ही मान्यता गमावण्याचा संभव असतो.