पोस्टरमागे लाइट लावताय? दोन मिनिटं थांबा!

आजोबांच्या पेटीत सापडलेलं जुनं सिनेमाचं पोस्टर, गाण्यांची पुस्तिका, तिकिटांचे अर्धे तुकडे, रिळाची हातभर पट्टी. यातलं काही ना काही तुमच्या घरात असणारच. आपल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात गाडगेबाबांचं बालपण गेलं. त्यांच्यावरचा ‘देवकीनंदन गोपाला’ १९७७ साली आला आणि डॉ. श्रीराम लागूंनी त्यात बाबा साकारले. अशा सिनेमाची एखादी आठवण हाती लागली, तर ती पेटीत कशाला ठेवायची? सुताराकडून प्लायची उथळ पेटी करून घ्यायची, समोर काच, मागून लाइट. झाला की डिस्प्ले!

पण भाऊ, मागून लाइट प्रत्येक वस्तूला मानवत नाही. त्यामुळे आधी संग्रहाचे तीन ढीग करा.

पहिला ढीग आरपार दिसणाऱ्या वस्तूंचा. रिळाची पट्टी आणि टॉकीजमध्ये जाहिरातींसाठी दाखवायच्या त्या काचेच्या स्लाइड यात येतात. त्या बनल्याच मागून उजेड घेण्यासाठी. ३५ मिलिमीटरच्या पट्टीवरच्या अशा २४ फ्रेम पडद्यावर एका सेकंदात सरकून जायच्या. तुमच्या पेटीत त्यातली एकेक निवांत बघता येते. मात्र पट्टीला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर ती खराब व्हायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. आणि १९५० च्या आधीची पट्टी असेल, तर ती नायट्रेटची असू शकते. नायट्रेट झपाट्याने पेटतं. ती ना पेटीत, ना घरात. आधी जाणकाराला दाखवा.

दुसरा ढीग कागदाचा. इथेच खरा घात होतो. उजेडाने कागद पिवळा पडतो, शाई उडते आणि उडालेला रंग परत येत नाही. हे नुकसान साचत जातं. उजेड किती आणि किती तास, याचा हा गुणाकार आहे. म्हणूनच संग्रहालयात जुन्या कागदावर साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात. आपल्या टेबललॅम्पखाली याच्या कितीतरी पट असतो. तेव्हा अस्सल पोस्टर स्कॅन करा, फ्लेक्सवाल्याकडून बॅकलिट फिल्मवर प्रिंट काढा आणि लाइट त्या प्रतीमागे लावा. अस्सल पोस्टर अंधारात, कोरड्या जागी, सपाट ठेवा. आपला पहिला सिनेमा, १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’, आज आपल्याला पूर्ण बघता येत नाही. गेलेली वस्तू गेलीच, म्हणून हा सगळा आटापिटा.

तिसरा ढीग ठोस वस्तूंचा, म्हणजे पुतळे, कॅसेट, जुना कॅमेरा. यांच्यामागे नुसता उजेड लावला, तर पुढून काळी सावलीच दिसते. मागे मंद वलय ठेवा आणि वरून पुढच्या बाजूला एक छोटी पट्टी द्या.

आता जोडणी. १२ व्होल्टची एलईडी पट्टी घ्या. रंग ४००० केल्विनच्या आसपासचा बरा. निळसर पांढऱ्या उजेडात जुने रंग फिके वाटतात. समोर दुधी अॅक्रिलिक लावा. ग्लो साइन बोर्ड बनवणाऱ्याकडे त्याचे उरलेले तुकडे मिळतात. एलईडी आणि अॅक्रिलिक यांत चार-पाच सेंटीमीटर अंतर ठेवा, नाहीतर एकेक ठिपका वेगळा दिसतो. पेटी आतून पांढरी रंगवली, तर उजेड सगळीकडे सारखा पसरतो.

हिशेब सोपा आहे. मीटरला ४.८ वॅटची पट्टी दोन मीटर लावली, तर ९.६ वॅट होतात. १२ व्होल्ट, १ अँपियरचा अडॅप्टर १२ वॅट देतो, म्हणजे तो काठावर चालतो. २ अँपियरचा घेतलात तर तापणार नाही. पट्टी कापायची ती फक्त खुणेवरच, आणि जोडताना प्लस-मायनस बघून.

आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. पारा ४५ च्या घरात गेला की पट्टीमागचा चिकट टेप सुटतो. त्यामुळे पट्टी अॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवा. पेटीला खाली-वर भोकं पाडा, म्हणजे गरम हवा निघून जाईल. अडॅप्टर पेटीबाहेर ठेवा. पेटीत २३० व्होल्टची वायर नकोच. पेटी उन्हाच्या भिंतीवर लावू नका आणि स्वयंपाकघराशेजारी तर अजिबात नाही.

शेवटचं काम सगळ्यात स्वस्त आहे. वायरमध्ये एक बटण टाका. पाहुणे आले, मित्र जमले की लावा, एरवी बंद ठेवा. आणि प्रत्येक वस्तूमागे पेन्सिलने चिठ्ठी लिहा: ही कुठून आली, कुणाची, कोणत्या सालची. आजी-आजोबांना हे आजच विचारा. विझलेला लाइट पुन्हा लावता येतो, पण त्यांना जे आठवतंय, ते दुसरं कोण सांगणार?