घर बदलताना, लेखांक ४ : सामान किती हातांतून जाणार?

मागच्या लेखांकात आपण काय बरोबर न्यायचे आणि काय विकून किंवा देऊन टाकायचे, याचा विचार केला. जे न्यायचे ठरले ते कसे न्यायचे, हा आजचा प्रश्न. बहुतेक घरांत तो दरावरच सुटतो : तिघांना फोन केले, तीन आकडे आले, मधला पकडला. माझे म्हणणे असे की दर सगळ्यात शेवटी बघावा. आधी मोजायची गोष्ट वेगळी आहे. या घरातून निघालेली वस्तू त्या घरात टेकेपर्यंत किती वेळा उचलली आणि ठेवली जाणार, आणि त्या प्रत्येक वेळी तिची जबाबदारी कागदावर कोणाची असणार? या दोन प्रश्नांची उत्तरे हातात आल्याशिवाय स्वस्त काय आणि महाग काय हे कळतच नाही. बोलणे हवेत राहू नये म्हणून पुण्याहून बंगळुरूला जाणारे दोन बेडरूमचे एक बिऱ्हाड डोळ्यांसमोर ठेवू. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, तुमकूर असा साधारण ८४० किलोमीटरचा हा रस्ता नोकरीनिमित्ताने कितीतरी मराठी कुटुंबांच्या ओळखीचा झाला आहे.

मोडतोडीचा दोष आपण रस्त्याला देतो, पण त्याचा वाटा आपण समजतो तेवढा नसतो. नीट भरलेल्या गाडीत सामान एकमेकांना टेकून, मध्ये गाद्या-उशा घालून, दोरीने आवळलेले असते. गाडी खड्ड्यात आदळली तरी सगळे एकत्र हलते आणि एकत्र स्थिरावते. वस्तूला खरा धोका असतो ती एकटी असताना : जिन्याच्या वळणावर, गाडीच्या फाळक्याशी, गोदामाच्या ओट्यावर. पार्टिकल बोर्डाचे तीन दारांचे कपाट घ्या. लाकडाचा भुसा आणि चिकटद्रव्य दाबून केलेली ही फळी. तिचे सांधे धरून असतात ते थेट फळीत घुसवलेले स्क्रू. एकदा स्क्रू काढला की छिद्राच्या कडेचा भुसा सुटतो आणि दुसऱ्यांदा तोच स्क्रू तितका घट्ट बसत नाही. न सोडवता तसेच उचलावे, तर तिरपे करताना सगळा भार खालच्या एका कोपऱ्यावर येतो आणि फरशीवर वीतभर सरकवले तरी तळ उसवतो. खाचेत सांधे बसवलेले जुने सागवानी कपाट चार घरे बदलूनही उभे राहते. पार्टिकल बोर्डाचे हे कपाट एक बदली सोसेल, फार तर दोन. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचे पिंप आत स्प्रिंगवर टांगलेले असते. नवे मशीन येते तेव्हा मागून लांब बोल्ट लावून ते जखडलेले असते. बसवायला येणारा माणूस ते बोल्ट काढून आपल्या हातात देतो आणि आपण ते कुठे ठेवले हे वर्षभरात विसरतो. बोल्ट न लावता मशीन नेले, तर प्रत्येक वेळी ते कलंडताना पिंप आतल्या आत आपटते. फ्रीज आडवा झाला की कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत उतरते. म्हणून तो उभाच न्यायचा, आणि आडवा झालाच तर काही तास उभा ठेवून मग सुरू करायचा. हे सगळे आपण आपल्या दारात आलेल्या माणसांना सांगू शकतो. पण मधल्या गोदामात मध्यरात्री सामान उतरवणाऱ्यांना सांगायला तिथे कोणीच नसते.

आता वाटा मोजू. पूर्ण गाडी आपलीच असेल, म्हणजे धंद्याच्या भाषेत ‘फुल लोड’, तर सामान दोनदा हाताळले जाते : इथे भरताना आणि तिथे उतरवताना. ‘पार्ट लोड’मध्ये आधी दारातून छोट्या टेम्पोत, टेम्पोतून शहराबाहेरच्या गोदामात, गोदामातून मोठ्या ट्रकमध्ये, बंगळुरूला पुन्हा ट्रकमधून गोदामात, गोदामातून टेम्पोत आणि टेम्पोतून घरात. म्हणजे सहा वेळा, तेही मध्ये आणखी एखादे गोदाम आले नाही तरच. रेल्वेच्या पार्सलमध्ये घरून स्टेशनापर्यंतची वाहतूक आपली, मग पार्सल ऑफिस, हातगाडी, फलाट, डबा, आणि उतरताना हाच क्रम उलटा. उचल-ठेवीचा हा आकडा दरपत्रकात कुठेच छापलेला नसतो, आणि म्हणूनच तो आपण विचारून घ्यायचा. ‘गाडी मध्ये कुठे रिकामी होणार आहे का, आणि जी गाडी दारात येईल तीच बंगळुरूला पोचणार का?’ हा एकच प्रश्न विचारला तरी समोरच्याच्या दरामागचे सगळे गणित उघडे होते. अलीकडे काही ठिकाणी आपले सामान घराशीच एका लोखंडी पेटीत बंद करून ती पेटीच यंत्राने ट्रकवर चढवण्याची सोय मिळते. तिचा खरा फायदा हाच : गाडी बदलली तरी पेटी हलते, आतले सामान हलत नाही.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा, आणि तो रास्त आहे. पार्ट लोड स्वस्त पडतो, कारण ट्रकचे भाडे अनेकांत वाटले जाते. अर्ध्या रिकाम्या गाडीचे पैसे कोणी का भरावेत? पण इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. घरचे सामान वजनाने हलके आणि आकाराने मोठे असते. गाडीची वजन पेलण्याची क्षमता संपण्याच्या कितीतरी आधी तिच्यातली जागा संपते. म्हणजे आपण पैसे मोजतो ते जागेचे. १४ फुटी गाडीचा हौदा साधारण १४ फूट लांब, ६ फूट रुंद आणि ६ फूट उंच धरला तर आत सुमारे ५०० घनफूट जागा होते. ३०० लिटरचा फ्रीज एकटा वीस-बावीस घनफूट खातो. सोफा तर सोडवताही येत नाही. तो बसतो त्याच्या वरची जागाही बऱ्याचदा वाया जाते. म्हणून पूर्ण गाडी परवडत नसेल, तर वाट बदलण्याआधी आकारमान कमी करून पाहावे. सोफा, ते पार्टिकल बोर्डाचे कपाट आणि जुने डायनिंग टेबल इथेच विकले, तर उरलेले बिऱ्हाड एक नंबर लहान गाडीत मावू शकते, आणि मग त्या गाडीच्या भाड्याची तुलना पार्ट लोडशी करता येते. मोठ्या गाडीशी तुलना करून पार्ट लोड स्वस्त म्हणणे म्हणजे चुकीच्या दोन गोष्टी शेजारी ठेवणे. वेळेचाही हिशेब हवा. भरलेली गाडी पुणे-बंगळुरू अंतर दोन दिवसांत कापते; पार्ट लोडचे सामान ट्रक भरेपर्यंत गोदामात थांबते, आणि तेवढे दिवस कुटुंब नव्या घरात सतरंजीवर झोपून बाहेरचे जेवते. तो खर्च दरपत्रकात नसतो, पण खिशातून जातोच.

सगळे सामान एकाच वाटेने गेले पाहिजे, ही समजूतही सोडायला हवी. पुस्तके आणि स्टीलची, पितळेची भांडी जड असतात, आकाराने लहान असतात आणि आपटली तरी फारशी बिघडत नाहीत. त्यांना रेल्वेची वाट चांगली. मुंबईहून पुणे, सोलापूरमार्गे बंगळुरूला जाणाऱ्या उद्यान एक्सप्रेससारख्या थेट गाडीने पार्सल पाठवले, तर मध्ये गाडी बदलण्याचा प्रश्न येत नाही. पण रेल्वेच्या जबाबदारीची मर्यादा माहीत हवी. मालाची किंमत आधी जाहीर करून त्यावरचा जादा आकार भरला नसेल, तर हरवलेल्या किंवा मोडलेल्या पार्सलबद्दल रेल्वे किलोमागे जास्तीत जास्त ५० रुपये देते. ३० किलोच्या पुस्तकांच्या खोक्याला ही मर्यादा १,५०० रुपये होते; नुकसान झालेच तर ते सोसण्यासारखे असते. दहा किलोच्या टीव्हीला मात्र ५०० रुपयेच. म्हणून टीव्ही, मिक्सर, काचसामान रेल्वेने पाठवू नये, आणि पाठवायचेच असेल तर किंमत जाहीर केल्याशिवाय नाही. स्कूटर-मोटारसायकल रेल्वेने नेतात, टाकीतले पेट्रोल पूर्ण काढून. पण वाहनांचा विषय मोठा आहे, तो पुढच्या आठवड्यासाठी ठेवू.

दुसरा आक्षेप अधिक ऐकू येतो : ‘नावाजलेली कंपनी घेतली की ही मोजणी कशाला?’ नाव मोठे असणे चांगलेच, पण दारात येणारी गाडी आणि माणसे पुष्कळदा त्या नावाची नसतात. काम पुढे दुसऱ्याला दिलेले असते. प्रसिद्ध नावाशी मिळतीजुळती नावे लावून धंदा करणारेही कमी नाहीत. त्यामुळे फलकावर काय लिहिले आहे यापेक्षा बिल्टीवर, म्हणजे माल ताब्यात घेताना वाहतूकदार देतो त्या पावतीवर, कोणाचे नाव आहे हे महत्त्वाचे. कायदा इथे आपल्या बाजूने उभा आहे. १८६५ चा जुना कॅरियर्स ॲक्ट बदलून आलेला ‘कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७’ हा २०११ पासून लागू आहे. त्यानुसार माल वाहणाऱ्याने नोंदणी करून घेतली पाहिजे. त्या व्याख्येत केवळ ट्रकमालक येत नाहीत. माल गोळा करणारे, बुकिंग करणारे, दलाल, एजंट हेही येतात. ‘गाडी आमची नव्हती’ असे म्हणून बिल्टी देणारा हात झटकू शकत नाही. नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दंगल असे काही अपवाद सोडले तर माल हरवल्यास किंवा मोडल्यास समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भारही आपल्यावर नाही.

मात्र याच कायद्याच्या नियमांत एक मर्यादा आहे, आणि ती बिल्टी हातात घेऊन समजून घ्यावी लागते. जास्त जोखमीचा दर लेखी ठरवून भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती असते, आणि तीही आपण जाहीर केलेल्या किमतीच्या वर जात नाही. समजा एकूण बिल ३०,००० रुपयांचे आहे. ते फोडून लिहिले : पॅकिंग १२,०००, चढाई-उतराई ६,०००, भाडे १२,०००. दहापट मोजायची ती या शेवटच्या आकड्याची. आणि त्याच कागदावर किमतीच्या रकान्यात कोणी घाईघाईने ‘वापरलेले घरगुती सामान, रु. २०,०००’ असे लिहून आपली सही घेतली असेल, तर सगळे सामान गेले तरी दावा वीस हजारांपाशी थांबतो. निघण्याच्या सकाळी, गॅस सिलिंडर परत द्यायचा राहिलेला, मुले रडत असलेली, सोसायटीचा वॉचमन लिफ्टवरून भांडत असलेला, अशा वेळी ही सही मागितली जाते. म्हणून बिल्टीचा मसुदा आदल्या दिवशी मागवावा आणि वस्तूंची यादी किमतींसकट आपणच तयार ठेवावी. कागदावर ‘ओनर्स रिस्क’ असा शिक्का असेल तर त्याचा अर्थ सरळ विचारावा आणि तो खोडून घेतल्याशिवाय सही करू नये.

‘मग विमा काढला की झाले’, हा तिसरा आक्षेप. विमा हवाच, पण तो विमाच आहे ना हे बघायला हवे. अनेक दरपत्रकांत जाहीर किमतीच्या दोन-तीन टक्के ‘एफओव्ही’ किंवा ‘ट्रान्झिट रिस्क’ म्हणून लावलेले असतात. ते बहुतेक वेळा वाहतूकदाराने स्वतः दिलेले आश्वासन असते, पॉलिसी नसते. विमा विकण्याचा अधिकार इर्डाकडे, म्हणजे विमा नियामकाकडे, नोंदलेल्या कंपनीलाच आहे. विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक आणि विमाधारक म्हणून आपले नाव असलेला कागद गाडी हलण्यापूर्वी मिळाला, तरच त्याला विमा म्हणावे. त्यातही मर्यादा असतात : आपण स्वतः बांधलेली खोकी, बाहेरून काही न होता आतून बंद पडलेली यंत्रे, जुन्या फर्निचरवरचे ओरखडे हे बहुधा वगळलेले असते. म्हणजे सहा वेळच्या उचल-ठेवीत जे सगळ्यात जास्त घडते, नेमके तेच विम्याबाहेर. मोजणी चुकली तर विमा ती भरून काढत नाही.

एक बाजू हिशेबाच्या पलीकडची आहे. दर खाली आणण्याची सोपी युक्ती म्हणजे माणसे कमी पाठवणे. चौथ्या मजल्यावरून लोखंडी कपाट दोन माणसांनी उतरवायचे असेल, तर कपाट आणि पाठ दोन्ही धोक्यात येतात. हमालांच्या कष्टांना संरक्षण देणारा माथाडी कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्ये केला; त्या राज्यातल्या घरांनी दर ठरवताना ‘किती माणसे येणार?’ हे विचारलेच पाहिजे, आणि त्या संख्येचे पैसे द्यायला तयार असले पाहिजे.

ई-वे बिलाच्या नावाखाली रक्कम मागितली तर ती देऊ नये. वापरलेल्या वैयक्तिक आणि घरगुती सामानाला जीएसटीच्या नियमांत ई-वे बिलातून सूट आहे. नव्या घरी सामान उतरले की खोकी मोजून, यंत्रे आणि काचसामान उघडून बघावे, आणि जे मोडले किंवा आले नाही ते पोच देण्याच्या प्रतीवरच लिहून मग सही करावी. चालकाला घाई असली तरी. नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत पोचली पाहिजे. सामान मिळाल्याच्या तारखेपासून नव्हे. बिल्टीवर न्यायक्षेत्र म्हणून दूरचे एखादे शहर छापलेले असले, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे पुण्याहून निघालेल्या सामानाची तक्रार बंगळुरूच्या नव्या पत्त्यावरूनही करता येईल.