मुलं मारायला कुठून शिकतात?

‘आज तुमच्या मुलानं शेजारी बसलेल्या मुलीला ढकललं. वर तिला म्हणाला, गप्प बैस, नाहीतर एक ठेवून देईन!’ बालवाडीच्या बाईंकडून असं काही कानावर आलं की घरात पहिला प्रश्न उमटतो, ‘हे कुठून शिकला?’ मग बोट शेजारच्या मुलाकडे, मोबाइलकडे नाहीतर आजी-आजोबांच्या लाडांकडे वळतं. या प्रश्नावर मानसशास्त्रात साठ वर्षांहून अधिक काळ संशोधन चालू आहे. तरी काही गैरसमज आपल्या घरांतून हटत नाहीत.

गैरसमज : मूल आपल्याच खेळात असतं, त्याचं आपल्याकडे लक्ष नसतं.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा, डोरोथिया रॉस आणि शीला रॉस यांनी १९६१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यापीठाच्याच बालवाडीतली, साधारण तीन ते पावणेसहा वर्षांची ७२ मुलं त्यात होती, निम्मे मुलगे आणि निम्म्या मुली. एकेका मुलाला खोलीच्या एका कोपऱ्यात चिकटचित्रं वगैरे देऊन बसवलं जाई. दुसऱ्या कोपऱ्यात एक मोठं माणूस बसे. त्याच्याजवळ जोडणीची खेळणी, लाकडी हातोडा आणि पाच फुटी हवा भरलेला बाहुला असे. पाडला तरी पुन्हा उभा राहणारा. एका गटातल्या मुलांसमोर मिनिटभरानं ते माणूस बाहुल्यावर तुटून पडे. अंगावर बसून नाकावर ठोसे, डोक्यावर हातोडा, लाथा, आणि तोंडानं ‘मार त्याला’ अशा धर्तीची बडबड. मुलाला ‘बघ’ किंवा ‘शीक’ असं कुणीही सांगितलं नव्हतं.

नंतर मुलाला दुसऱ्या खोलीत सुंदर खेळणी दाखवून लगेच काढून घेतली आणि चिडलेल्या त्या मुलाला तिसऱ्या खोलीत वीस मिनिटं खेळायला सोडलं. तिथे तसाच छोटा बाहुला होता, हातोडा होता, तसेच चहाचा संच, रंगखडू आणि गाड्याही होत्या. एका बाजूनेच दिसणाऱ्या काचेमागून निरीक्षण चालू होतं. मारहाण पाहिलेल्या अनेक मुलांनी तीच बसण्याची पद्धत, तेच ठोसे आणि तेच शब्द उचलले. सुमारे एक तृतीयांश मुलांनी तर मारण्याशी संबंध नसलेली त्या माणसाची वाक्यंसुद्धा म्हणून दाखवली. इतर गटांतल्या, म्हणजे शांत माणूस पाहिलेल्या किंवा कुणालाच न पाहिलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांत या नकलेचा मागमूसही नव्हता.

गैरसमज : कार्टून खोटं असतं, त्यानं काय होणार?

वस्तुस्थिती : १९६३ साली याच तिघांनी ९६ मुलांवर पुढचा प्रयोग केला. काहींनी मारहाण प्रत्यक्ष पाहिली, काहींनी चित्रफितीत, तर काहींनी मांजराच्या वेशातल्या पात्राकडून, कार्टूनच्या थाटात. तिन्ही गटांतली मुलं, काहीच न पाहिलेल्या मुलांपेक्षा जास्त आक्रमक खेळली. पडद्यावरची मारहाण प्रत्यक्षाइतकीच उचलली गेली.

गैरसमज : मारणाऱ्याला शिक्षा झालेली दिसली, की मूल योग्य तो धडा घेतं.

वस्तुस्थिती : हा समज सर्वांत फसवा आहे. १९६५ साली बांडुरा यांनी ६६ मुलांना एक चित्रफीत दाखवली. एका गटाच्या चित्रफितीत मारणाऱ्याला शेवटी खाऊ आणि शाबासकी मिळाली, दुसऱ्या गटाच्या चित्रफितीत त्याला दटावून चोप दिला गेला, तिसरीत काहीच घडलं नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. इथपर्यंत आपला अंदाज बरोबर ठरतो. पण मग मुलांना सांगितलं, त्या माणसानं काय काय केलं ते करून दाखव, चिकटचित्रं आणि फळांचा रस मिळेल. तेव्हा तिन्ही गटांतला फरक जवळपास पुसला गेला. शिकली सगळीच होती, काहींनी फक्त केलं नव्हतं. म्हणून मूल आज हात उचलत नाही यावरून त्यानं काही टिपलेलंच नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

गैरसमज : मुलगे मुळातच मारकुटे, मुलींना हा धोका नाही.

वस्तुस्थिती : पहिल्या प्रयोगात हातघाईची नक्कल मुलग्यांनी जास्त केली, पण तोंडी आक्रमकतेत दोघांत फारसा फरक नव्हता. बाहुल्याला मारणारी बाई पाहून ‘बायकांनी असं वागायचं नसतं’ अशा अर्थाचे शेरे मुलांनी मारले, तर मारणाऱ्या पुरुषाचं कौतुक केलं. कुणी मारलेलं चालतं, हेसुद्धा मुलं इतक्या लहान वयात शिकलेली असतात. १९६५ च्या प्रयोगात बक्षीस कबूल केल्यावर मुलगे आणि मुली यांच्यातलं अंतर खूपच कमी झालं.

गैरसमज : वेळीच दोन फटके दिले की मूल सुधारतं.

वस्तुस्थिती : धाकट्या भावाला मारलं म्हणून थोरल्याला फटका देताना आपण ‘मारायचं नाही’ असं सांगतो आणि मारून दाखवतो. मुलाला दिसतं ते इतकंच, की जो मोठा असतो तो मारू शकतो. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली १ लाख ६० हजारांहून अधिक मुलांची माहिती असलेल्या ७५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. फटक्यांचा संबंध वाढत्या आक्रमकतेशी आणि इतर त्रासांशी आढळला, सुधारणेशी नाही. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली आहे. घरातही तोच नियम आपणच पाळायला हवा.

गैरसमज : राग उशीवर काढू द्या, मन मोकळं होतं.

वस्तुस्थिती : अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली चिडवलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर हे तपासलं. चिडवणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून ज्यांनी बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारले, त्यांचा राग सर्वांत जास्त राहिला. नुसते शांत बसलेले विद्यार्थी सर्वांत कमी आक्रमक होते. आपल्याकडे बाळ पडलं की ‘कुणी मारलं माझ्या सोन्याला? जमिनीनं? थांब, मारू या तिला!’ म्हणत जमिनीला चापट मारली जाते. त्यामागे माया असते, यात शंका नाही. पण दुखलं की कुणाला तरी मारायचं, हा पाठ बाळाला त्यातूनच मिळू शकतो. ‘लागलं ना, चल फुंकर घालू’ एवढ्यानंही रडू थांबतं.

गैरसमज : म्हणजे मारामारी पाहिलेलं मूल पुढे गुंड होणार.

वस्तुस्थिती : असं हे प्रयोग सांगत नाहीत. बाहुला मार खाण्यासाठीच बनवलेला होता, मुलं एकाच बालवाडीतली होती आणि परिणाम काही मिनिटांतच मोजला गेला. शिवाय सगळी मारामारी पाहूनच येते असंही नाही. कॅनडातले संशोधक रिचर्ड ट्रेंब्ले यांच्या दीर्घकालीन अभ्यासांत मारणं, ढकलणं बहुतेक मुलांत दोन ते चार वर्षांच्या सुमारास सर्वाधिक दिसलं आणि पुढे कमी होत गेलं. थोडक्यात, हात उगारणं लहानपणी आपोआपही येतं, पण तो आवरायचा कसा हे शिकावं लागतं. आणि हे शिकवणारं माणूस मुलाच्या डोळ्यांसमोर असावं लागतं.

म्हणून मूल मारतं तेव्हा त्याचा हात धरावा, दुसऱ्याला लागलं हे दाखवावं आणि ‘मला राग आलाय’ हे शब्द त्याला द्यावेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वाहतुकीत कुणी आडवा आला, कामवाल्या मावशींना उशीर झाला किंवा नवराबायकोत वाजलं, तर आपण काय करतो ते पाहावं. आवाज चढलाच, तर मुलासमोरच ‘माझं चुकलं’ म्हणावं. ज्या डोळ्यांनी मूल मारणं टिपतं, त्याच डोळ्यांनी ते माघार घेणं आणि समजूत काढणंही टिपतं.