सोमवारीच बंद पडणारी गाडी

मिहानमध्ये इंटर्नशिप, दुपारची शिफ्ट आणि बाबांची 16 वर्षं जुनी कार. चार महिन्यांत ती तीनदा दगा देऊन गेली. नवी बॅटरी झाली, अल्टरनेटर झाला, पैसे गेले; पण आजार सापडला तो एका दोनशे पानी वहीत!

तर झालं असं की, शेवटच्या सेमिस्टरला मला मिहानमधल्या एका आयटी कंपनीत इंटर्नशिप लागली. शिफ्ट दुपारी एक ते रात्री दहा. घर मानेवाड्याला. इंटर्नला कंपनीची कॅब नाही. मेट्रो खापरीपर्यंत मस्त येते, पण तिथून आत आमच्या गेटपर्यंत काही किलोमीटर, आणि रात्री दहानंतर तिथे ऑटो मिळणं म्हणजे नशीबच.

बाबा म्हणाले, ‘‘कार घेऊन जा. मी बसने जातो.’’

ही कार घरात आली 2009 मध्ये. तेव्हा मी बालवाडीत होतो. पेढे वाटले होते आम्ही. 2024 मध्ये तिला 15 वर्षं झाली. मग फिटनेस, पर्यावरण कर आणि रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी. ही फी खासगी कारसाठी एप्रिल 2022 पासून 600 वरून थेट 5 हजार झाली. नातेवाईक म्हणाले, विकून टाका. बाबांनी ऐकलं नाही. पाच वर्षांचं रिन्यूअल करून आले आणि म्हणाले, ‘‘अजून खूप चालते ही.’’

ती चालतेच. फक्त सोमवारी चालत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पहिला सोमवार, दुसरा सोमवार

फेब्रुवारीतला एक सोमवार. दुपारी सेल्फ मारला तर नुसता कट-कट-कट आवाज. शेजारच्या पोट्ट्यांनी धक्का दिला, गाडी चालू झाली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, बॅटरीकडे बोट दाखवलं, ‘‘चार वर्षं झाली ना? गेली समजा.’’ नवी बॅटरी घेतली. साडेचार हजार.

गाडी पाच आठवडे मस्त पळाली. मार्चअखेरचा सोमवार आला आणि पुन्हा तेच. या वेळी निदान झालं, ‘‘अल्टरनेटर चार्ज करत नाही.’’ तो उघडून रिपेअर केला. तीन हजार दोनशे. बॅटरी रात्रभर चार्जरला लावून दिली. गाडी पुन्हा टकाटक!

माझा स्टायपेंड दहा हजार. म्हणजे दोन महिन्यांत तीन आठवड्यांची कमाई गाडीच्या पोटात. मित्र म्हणाले, ‘‘अबे, त्यापेक्षा सेकंडहँड बाइक घे ना.’’

चिंचभवनची ती दुपार

मे महिना. नागपूरचा मे, म्हणजे जास्त सांगायला नको. पारा 45 च्या आसपास. एका सोमवारी रात्री दहाला मिहानच्या पार्किंगमध्ये गाडी तिसऱ्यांदा मेली. सिक्युरिटीच्या काकांनी जम्पर केबल शोधून दिली, सहकाऱ्याच्या गाडीवरून स्टार्ट घेतला, कसाबसा घरी आलो.

दुसऱ्या दिवशी आईची मिहानमधल्या एम्समध्ये तपासणी होती. तारीख महिनाभर आधी घेतलेली. गाडी सुरू झाली. एसी लावला. चिंचभवनजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि टेम्परेचरचा काटा वर चढायला लागला. अर्ध्यावर. पाऊण. लाल.

मी घाबरून गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि रुमाल घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. मागून एक ऑटोवाले काका ओरडले, ‘‘ओ भाऊ! हात काढा! तोंड भाजते!’’

खरंच भाजलं असतं. आतलं कूलंट दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि ते एका झटक्यात उसळून अंगावर येतं. झाकण उघडायचं ते इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच.

आई कडुनिंबाच्या सावलीत पदर डोक्यावर घेऊन उभी होती. म्हणाली, ‘‘अरे, गाडीपेक्षा तूच जास्त तापून राहिला.’’ त्याच काकांच्या ऑटोने ती एकटी एम्सला गेली. तपासणी वेळेत झाली. पण तिला तसं रस्त्यावरून पाठवताना मला जे वाटलं, ते साडेचार हजारांपेक्षा महाग होतं.

त्या रात्री मी पहिल्यांदा घरात म्हणालो, ‘‘बाबा, विकू या.’’

बाबा काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘विकायची तर विकू. पण बिघाड काय आहे, हे तरी कळू दे. न कळता दुसऱ्याच्या गळ्यात कशी मारायची?’’

विमानाची वही, कारची वही

आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमधून विमानं उतरताना दिसतात. मिहानमध्येच एअर इंडियासाठी उभारलेलं विमान दुरुस्तीचं केंद्र आहे. मोठाली विमानं तिथे देखभालीला येतात. कॉलेजचा एक सीनियर विमान देखभालीच्या क्षेत्रात आहे. त्याला माझी रडकथा सांगितली तर त्याने एकच विचारलं, ‘‘लॉग कुठे आहे?’’

विमानात वैमानिकाला काहीही खटकलं की ते टेक लॉगमध्ये लिहावं लागतं. इंजिनिअर त्याच्यासमोर काय केलं ते लिहून सही करतो. शिवाय ठरावीक तास, ठरावीक उड्डाणं किंवा ठरावीक महिने झाले की तपासणी होतेच, बिघाड असो वा नसो. म्हणून वीस-वीस वर्षांची विमानं आरामात उडतात. आपण कारचं काय करतो? बंद पडली की उघडतो, चालू झाली की विसरतो.

मग मी दोनशे पानी वही काढली. व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, बिलं, ऑफिसचं लेटमार्क रजिस्टर, सगळ्यातून तारखा गोळा केल्या. चार रकाने केले: तारीख-वार, काय झालं, त्याआधी गाडी काय करत होती, काय दुरुस्त केलं. लिहून झाल्यावर बघतच राहिलो. तिन्ही वेळा सोमवार! आणि तिन्ही वेळा त्याआधी शनिवार-रविवार गाडी घरी उभी.

दुसरी गोष्ट अजून भारी. दोन्ही ‘रिपेअर’च्या वेळी बॅटरी बाहेरून फुल चार्ज होऊन आली होती. एकदा नवीच आली, एकदा चार्जरवरून. म्हणून गाडी काही आठवडे पळाली आणि आम्हाला वाटलं, दुरुस्ती झाली. मूळ आजार तसाच होता.

शंभर रुपयांचा बोल्ट

वही घेऊन मी खापरीकडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. छोटं दुकान, टिनाचं शेड. त्यांनी आधी वही वाचली, मग मीटर काढला. ‘‘भाऊ, बॅटरी काऊन बदलवली? आधी मोजाव लागते ना.’’

पहिलं मोजमाप: गाडी बंद असताना बॅटरीवर किती व्होल्ट. चार्ज असलेली बॅटरी साधारण 12.6 दाखवते. 12.2 च्या आसपास आली म्हणजे अर्धी रिकामी. दुसरं: इंजिन चालू असताना. तेव्हा 13.8 ते 14.4 च्या दरम्यान हवेत. आमच्या गाडीत अल्टरनेटरवर 14.3 येत होते आणि बॅटरीपर्यंत पोचत होते 13.1. मधले कुठे गेले?

तिसऱ्या मोजमापाला त्यांनी मला सेल्फ मारायला लावला. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. चांगल्या अर्थिंगला इथे जेमतेम पाव व्होल्टपर्यंत आकडा दिसतो. आमचा आला दीड!

बॅटरीची काळी वायर बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे हिरवट-पांढरा गंज. 16 पावसाळे खाल्लेला बोल्ट. सगळा करंट परत जायचा रस्ता तोच आणि तोच तुंबलेला. म्हणून सेल्फ सुस्त, हेडलाइट मंद, बॅटरी अर्धपोटी आणि रेडिएटरचा फॅनसुद्धा हळू फिरणारा. म्हणजे चिंचभवनला इंजिन तापलं तेही इथूनच! आम्ही ज्यांना तीन आजार समजत होतो, त्यांचं मूळ एकच होतं. जागा घासून साफ केली, नवी अर्थिंगची वायर, नवा बोल्ट. सामान आणि मजुरी मिळून साडेतीनशे रुपये. त्यात बोल्ट-नट-वॉशर धरून शंभर.

पण सोमवारचं काय?

त्यासाठी त्यांनी गाडी लॉक करून वीस मिनिटं तशीच ठेवली आणि मीटर बॅटरीच्या वायरमध्ये लावला. बंद गाडीसुद्धा घड्याळ वगैरेसाठी थोडा करंट खाते, 50 मिलिअँपिअरच्या आत चालतो. आमची खात होती 300. एकेक फ्यूज काढत गेलो, आकडा हलेना. शेवटी त्यांनी विचारलं, ‘‘हा टेप कोणी बसवला?’’

मी. जानेवारीत. मित्र आणि मी, यूट्यूब बघून. म्युझिक सिस्टिमला दोन लाइन असतात. पिवळी वायर कायम चालू सप्लायची, लाल वायर चावी फिरवल्यावर येणाऱ्या सप्लायची. आम्ही दोन्ही एकत्र पिळून थेट बॅटरीच्या लाइनला जोडल्या होत्या. त्यामुळे सिस्टिम कधी झोपतच नव्हती.

आता हिशेब करा. शुक्रवारी रात्री साडेदहा ते सोमवारी दुपारी साडेबारा, 62 तास. 0.3 अँपिअर गुणिले 62 म्हणजे जवळपास साडेअठरा अँपिअर-अवर. आमची बॅटरी 35 ची, तीही अर्धपोटी. ती सोमवारी उठणार कशी? अकरावीच्या फिजिक्सचं गणित. परीक्षेत मला त्यात पैकीच्या पैकी होते!

घरी येऊन बाबांना सांगितलं. आठ हजारांची चूक, त्यातली अर्धी माझी. बाबा हसले. ‘‘म्हणजे गाडी म्हातारी नव्हती, तिला जागरण होत होतं.’’

ठेवायची की सोडायची?

गाडी विकली नाही. पण ‘जुनं ते सोनं’ असं म्हणून डोळेही मिटले नाहीत. आमच्या गाडीला एअरबॅग नाहीत. मिहानजवळच्या शिवमडक्याहून सुरू होणाऱ्या 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ती न्यायची नाही, हे घरात ठरलंय. शहरात, आपल्या वेगात, ती बरी. पेट्रोलमधलं इथेनॉल आता 20 टक्क्यांवर आलंय आणि जुन्या गाड्या त्या हिशेबाने बनलेल्या नाहीत. म्हणून रबरी पाइप, सील यांच्यावर नजर ठेवतो. वहीच्या शेवटच्या पानावर वर्षाचा खर्च लिहितो. ज्या वर्षी दुरुस्ती गाडीच्या विक्रीच्या किमतीपर्यंत पोचेल, किंवा गंज बॉडीच्या सांगाड्यात शिरेल, त्या वर्षी निरोप. 2021 च्या स्क्रॅप धोरणानंतर नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत दिली की सर्टिफिकेट मिळतं आणि त्यावर नव्या गाडीला सवलतही.

काही जण म्हणतील, आता इलेक्ट्रिकचा जमाना, हे शिकून काय उपयोग? खरंय, इलेक्ट्रिक टॅक्सींचा ताफा मे 2017 मध्येच आपल्या नागपुरात रस्त्यावर आला होता. पण गंमत माहितीये? बहुतेक इलेक्ट्रिक कारमध्येही एक छोटी 12 व्होल्टची बॅटरी असते. ती झोपली की मोठी बॅटरी फुल असूनही गाडी जागची हलत नाही. अर्थिंगचा बोल्ट तिथेही गंजतोच.

परवा सोमवारी रात्री दहाला पार्किंगमध्ये सेल्फ मारला. एका झटक्यात चालू. सिक्युरिटीचे काका लांबून ओरडले, ‘‘काय भाऊ, आज केबल नाही लागत?’’

मी हॉर्न वाजवला. तोही पहिल्यापेक्षा खणखणीत वाजला.

जुनी गाडी चालवताय? एवढं कराच

- आधी मोजा, मग बदला. साधा मल्टिमीटर काही शेकड्यांत मिळतो. नवी बॅटरी घेण्याआधी तीन मोजमापं: गाडी बंद, इंजिन चालू, सेल्फ मारताना अर्थिंग. करंट मोजायला मीटर वायरमध्ये लावला असेल तेव्हा मात्र सेल्फ मारू नका, मीटर जातो.
- फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा लावा. मोठा फ्यूज किंवा तार गुंडाळली की फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.
- काटा लाल झाला तर एसी बंद, हीटर फुल, गाडी कडेला, इंजिन बंद. हीटर इंजिनची उष्णता ओढून घेतो. झाकणाला हात नाही.
- रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नको, आत क्षार साचतात. कंपनीने सांगितलेलं कूलंटच.
- जम्पर लावताना लाल केबल आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला. काळी चालू गाडीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.
- आणि हो, एक वही ठेवा. वारासकट!