‘अमेरिकानी’ आणि मिरजेच्या ताई

गल्फ रोडवरून जाताना समुद्राकाठची ‘अमेरिकानी’ची जुनी इमारत आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. आज तिथे सांस्कृतिक केंद्र आहे. १९६७ पर्यंत ते अमेरिकन मिशनचे रुग्णालय होते. गेल्या हिवाळ्यात मंडळाच्या मुलांना घेऊन आम्ही तिथे गेलो. बरोबर मिरजेच्या एक ताई होत्या. ताई ख्रिस्ती, व्यवसायाने परिचारिका. मुले आत धावली. ताई मात्र बाहेरच उभ्या राहून इमारत न्याहाळत राहिल्या. म्हणाल्या, “आमच्या मिरजेचंच भावंड की हे!”

खरेच आहे. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू केले. इकडे कुवेतला १९१२ मध्ये डॉ. एलिनॉर कॅल्व्हर्ली आल्या. तेल सापडायला अजून २६ वर्षे होती. गाव मोत्यांवर आणि गलबतांवर जगत होते. बायकांना पुरुष डॉक्टर चालत नसे, आणि या परक्या डॉक्टरीणबाईंवरही आधी कोणाचा विश्वास बसेना. १९१४ मध्ये पुरुषांचे रुग्णालय झाले, १९१९ मध्ये स्त्रियांचे. १९२० च्या ऑक्टोबरात जहराची लढाई झाली, तेव्हा जखमींवर उपचार करायला डॉ. मायलरी आणि हेच रुग्णालय होते.

ही मंडळी धर्मप्रसारासाठी आली होती, यात लपवण्यासारखे काही नाही. त्या मापाने पाहिले तर हिशेब तुटपुंजाच, कारण इथले फारच थोडे लोक ख्रिस्ती झाले. तरी पन्नासहून अधिक वर्षे ती टिकून राहिली. आम्ही रसायनशास्त्रवाले, प्रयोग एका गोष्टीसाठी मांडावा आणि हाती दुसरेच यावे, हे आम्हाला नवे नाही. वहीत मात्र जे हाती आले तेच लिहावे लागते.

ताईंना हे सांगितले, तर त्या हसल्या. “आमच्यात याला पाचारण म्हणतात. देवाचं बोलावणं. मला वाटायचं, ते पाळकांना येतं. मी तर घराचं कर्ज फेडायला आले.”

पुढची गोष्ट आम्हाला ठाऊक होती. २०२० च्या एप्रिलमध्ये जलीब आणि महबूला बंद झाले. मे महिन्यात तर सगळ्या देशातच पूर्ण संचारबंदी. काम बंद पडलेल्या मजुरांसाठी आम्ही काही जण शिधा बांधत होतो. मिलिग्रॅम तोलणारे आमचे हात; तूरडाळीच्या पिशव्या रोज कमी-जास्त भरत. ताई ड्यूटीवरून येऊन त्या पुन्हा तोलत आणि “तुम्ही नुसते नावाचे डॉक्टर!” असे सुनावत. त्यांनीच शिध्याच्या यादीत मधुमेह आणि रक्तदाबवाल्यांचा वेगळा रकाना आखला. औषधे एक इजिप्शियन औषधविक्रेते मिळवत, परवाना असलेला हैदराबादी चालक पोचवत असे, ताई रात्री एकेकाला फोन लावत. तीन धर्मांची माणसे, आणि भांडणे फक्त यादीवरून.

जूनमध्ये परतीच्या विमानाच्या यादीत ताईंचे नाव लागले. मिरजेत आई आजारी होती. आम्ही सगळ्यांनी “जा” म्हटले. त्या दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत, मग नाव काढून घेतले. आम्हाला तो निर्णय चुकीचा वाटला होता आणि तसे आम्ही त्यांना तोंडावर सांगितलेही. त्यांच्या आईची आणि त्यांची पुढे भेट झाली, ती १४ महिन्यांनी.

‘अमेरिकानी’समोर उभे असताना आम्ही पहिल्यांदाच विचारले, तेव्हा का थांबलात? ताई म्हणाल्या, “प्रार्थना केली, पण उत्तर काही ऐकू आलं नाही. रात्री यादी उघडली. १९ जणांना फोन करायचे राहिले होते. चालक खाली गाडी घेऊन उभा होता.”

इतक्यात मुले बाहेर आली आणि सगळ्यांना भूक लागली होती. ती वही अजून ताईंकडे आहे. रकान्यात आता इतर नावे आहेत. गेल्या शुक्रवारी दोन आमच्याही अक्षरात लिहिली गेली, आणि त्यातली एक चुकीच्या ओळीत.