बेटेगावात कोण कोण राहतं?

गृहसंकुलातल्या प्रत्येक विंगच्या तळमजल्यावर नावांची एक पाटी असते. येणारा-जाणारा तिच्यावर फ्लॅटचा नंबर शोधतो आणि जिना चढायला लागतो. बेटेगावातल्या अशा पाटीसमोर मात्र दोन मिनिटं थांबावं. संखे, पाटील, यादव, साहू, नायर, शाह, परत पाटील, विश्वकर्मा, राऊत. बोईसरहून चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे एक गाव. एवढ्या दूरदूरची माणसं इथल्या एकाच जिन्यावर कशी जमली?

उत्तरासाठी थोडं मागं जायला हवं. या पट्ट्यातली जुनी वस्ती तीन थरांची. किनाऱ्यावर मांगेले आणि इतर मच्छीमार, त्यांच्यामागे बागायती आणि भातशेती करणारे वाडवळ, भंडारी, आगरी, कुणबी, आणि पूर्वेला डोंगराकडे सरकत गेलेले वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे. मग तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आलं आणि 28 ऑक्टोबर 1969 पासून त्याची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. अणुभट्टी चालवणारी माणसं पंचक्रोशीत मिळणार नव्हती. ती देशभरातून आली, त्यांच्यासाठी वसाहत उभी राहिली, आणि मांगेली-वारलीच्या मुलखात मल्याळी, तमिळ, बंगाली बोलणारी कुटुंबं नांदू लागली. पुढे तीन आणि चार क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवावी लागली. म्हणजे त्याच केंद्रापायी काही जण हजार-दोन हजार किलोमीटरवरून इथे आले, तर काहींना पिढ्यान्‌पिढ्यांचं गाव सोडून जवळच नव्याने बिऱ्हाड मांडावं लागलं. त्या दुसऱ्या स्थलांतराबद्दल आपण फारच कमी बोलतो.

नंतर तारापूरची एमआयडीसी वाढली. कापड, रंग, रसायनं, औषधं, पोलाद. कारखान्यात माणूस सहसा जाहिरात वाचून येत नाही, ‘गाववाल्या’च्या शब्दावर येतो. एकजण टिकतो, पुढच्या खेपेला चुलतभाऊ आणतो, चुलतभाऊ मेव्हण्याला. म्हणून शेकडो किलोमीटरवरच्या एखाद्या तालुक्याचा एक तुकडा इथल्या एकाच चाळीत राहताना दिसतो.

2009 मध्ये आणखी एक गोष्ट घडली. टाटांची नॅनो गाडी बाजारात आली आणि मागोमाग टाटा हाउसिंगने बेटेगावात ‘शुभगृह’ ही स्वस्त घरांची योजना काढली. किमती चार लाखांच्या आतून सुरू होत होत्या, त्यामुळे वर्तमानपत्रांनी या घरांनाही ‘नॅनो’च म्हटलं. अर्ज मागवून सोडतीने घरं देण्याची पद्धत ठेवली गेली. 2013 मध्ये विरारची लोकल डहाणूपर्यंत धावू लागली आणि मुंबईत नोकरी, बोईसरला घर हा विचार कागदावर तरी शक्य झाला.

त्या सोडतीचं मला फार अप्रूप वाटतं. घर घेताना माणूस नकळत आपल्यासारख्यांच्या शेजाराकडे ओढला जातो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी 1971 मध्ये एक गोष्ट दाखवून दिली. समजा, कुणालाच दुसऱ्या गटाचा द्वेष नाही, आपण शेजाऱ्यांत अगदीच एकटे पडू नये एवढीच प्रत्येकाची माफक इच्छा आहे. तेवढ्यावरही घरं बदलता बदलता सबंध वस्ती वेगवेगळ्या गटांत फाटते. दोन प्रकारची नाणी चौकटीच्या कागदावर मांडून आणि हलवून घरच्या टेबलावरही हा खेळ करून पाहता येतो. चार-सहा फेऱ्यांत नाण्यांचे कळप होतात आणि पाहणारा चकित होतो. सोडत याच्या नेमकी उलट. तिथे शेजारी निवडायला वावच नसतो. पुढे घरं विकली जातात, भाड्याने जातात आणि शेलिंगची नाणी हळूहळू हलू लागतात, पण सुरुवातीची सरमिसळ जिन्यावर बराच काळ टिकते.

ही सरमिसळ मोजताही येते. जोसेफ ग्रीनबर्ग या भाषाशास्त्रज्ञाने 1956 मध्ये एक साधा प्रश्न विचारला: वस्तीतली कोणतीही दोन माणसं उचलली, तर त्यांच्या मातृभाषा वेगळ्या निघण्याची शक्यता किती? हिशेबासाठी वीस बिऱ्हाडांची एक विंग कल्पू. आठ घरं मराठी, पाच हिंदी, तीन गुजराती, दोन ओडिया, एक मल्याळी, एक बंगाली. वीस घरांच्या जोड्या होतात 190. त्यातल्या एकाच भाषेच्या जोड्या फक्त 42. उरल्या 148, म्हणजे शंभरातल्या जवळपास 78 वेळा दोन शेजाऱ्यांची घरची भाषा वेगळी. मराठी घरं सर्वांत जास्त असूनही! आता त्या पाच ‘हिंदी’ घरांपैकी तीन घरांत खरं तर भोजपुरी बोलतात असं धरा. आकडा 81 वर जातो. जिन्यावरचा एकही माणूस बदलला नाही, आपण नीट विचारलं एवढंच.

नीट विचारण्याचा हा मामला जनगणनेत फार रंजक आहे. 2011 मध्ये भारतीयांनी सांगितलेल्या मातृभाषांची नावं होती 19,569. छाननी होऊन आणि एकत्र बांधून शेवटी तक्त्यात 121 भाषा उरल्या. त्यात भोजपुरी हिंदीखाली जाते. आणि वारली? बेटेगावच्या आसपासच्या पाड्यांची ही बोली, मराठीशी रोजचा घरोबा असलेली, जनगणनेच्या तक्त्यात मराठीखाली नव्हे तर ‘भिली/भिलोडी’ या गटात सापडते. फ्लॅटमधला बलियाचा फिटर आणि पाड्यावरचा वारली शेतकरी, दोघांची बोली तक्त्यात दुसऱ्याच नावाखाली झाकली जाते.

स्थलांतरित कुणाला म्हणायचं, हाही असाच चकवा. आपल्या डोळ्यांसमोर येतो तो ट्रंक घेऊन बोईसरला उतरलेला परप्रांतीय तरुण. जनगणना मात्र विचारते: याआधी कुठे राहत होता? उत्तर दुसऱ्या गावाचं असलं की माणूस स्थलांतरित. या व्याख्येने 2011 मध्ये देशात 45 कोटींहून अधिक स्थलांतरित निघाले, आणि बायकांच्या बाबतीत सर्वांत मोठं कारण होतं लग्न. शेजारच्या मान गावातून बेटेगावात लग्न होऊन आलेली सून आणि गोरखपूरहून आलेला वेल्डर एकाच तक्त्यात बसतात. ‘मूळचे’ आणि ‘बाहेरचे’ अशी रेघ ओढणाऱ्यांनी हा तक्ता एकदा जरूर पाहावा. अनेक घरांत ती रेघ चुलीजवळूनच जाते.

वयाची गोष्ट तर त्याहून विलक्षण. जुन्या गावात सगळ्या वयाची माणसं असतात, कारण गाव सतत जन्मत आणि मरत असतं. एकदम बांधलेल्या संकुलाचं तसं नाही. गृहकर्ज बहुधा पंचविशी ते चाळिशीतल्या पगारदाराला मिळतं, त्यामुळे चाव्या घेणारे साधारण एकाच वयाचे. आधी आवारात बाबागाड्या, मग शाळेच्या बस, मग दहावीचे क्लास, सगळं एकाच वेळी. 2009 मध्ये तिशीत असलेले लोक 2039 च्या सुमारास एकदमच साठीला टेकतील. टोकियोजवळच्या तामा न्यू टाउनने हे सोसलं आहे. 1971 पासून तरुण कुटुंबं तिथे राहायला आली, शाळा भरभरून वाहिल्या, आणि काही दशकांनी त्यातल्या काही बंद कराव्या लागल्या, तर लिफ्ट नसलेल्या इमारतींचे जिने म्हाताऱ्यांना चढवेनात. बेटेगावचं तसंच होईल असं मला वाटत नाही. कारखान्यांच्या पाळ्यांमुळे भाडेकरू येत-जात राहतात आणि नव्या वयाची माणसं आत येतात. पण ग्रामपंचायतीने अंगणवाडी आणि दवाखाना यांचा विचार करताना ही लाट डोळ्यांसमोर ठेवायला हवी.

ग्रामपंचायत म्हणालो, कारण इथे बहुमजली इमारतींचा कारभारही ग्रामपंचायतच पाहते. शेजारचं बोईसर तर जनगणनेच्या लेखी शहर आहे. पाच हजारांवर वस्ती, पुरुष कामगारांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर, आणि दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं, या तीन अटी पुऱ्या झाल्या की जनगणना गावाला शहर म्हणते. नगरपालिका देणं तिच्या हातात नसतं. म्हणून मोजणीत शहर आणि पाण्या-कचऱ्याच्या व्यवस्थेत गाव, अशी अवस्था बोईसरने वर्षानुवर्षं काढली आहे.

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला, तोवर हा सगळा भाग ठाण्यात होता, आणि 2011 च्या मोजणीत 1 कोटी 10 लाख लोकांचा ठाणे हा देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला होता. आताच्या पालघरच्या हद्दीत तेव्हा सुमारे 30 लाख माणसं होती. त्यांतले जवळपास 37 टक्के आदिवासी.

या आकड्यांत एक महिना दडलेला आहे, फेब्रुवारी. 2011 ची माणसांची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची अनेक आदिवासी कुटुंबं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मोजणीचा सबंध काळ जो घराबाहेर असेल, तो जिथे असेल तिथेच मोजला जातो. म्हणजे पाड्यावरचं कुटुंब भट्टीवर नोंदलं जातं, आणि त्याच दिवसांत बोईसरच्या खोल्या कामगारांनी गच्च भरलेल्या असतात. हीच मोजणी भात लावणीच्या जुलैत झाली, तर पाडे मोठे दिसतील आणि भट्ट्या रिकाम्या. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे, म्हणजे पुन्हा तोच मोसम. त्या वेळी 1931 नंतर प्रथमच सर्वांची जातही नोंदली जाणार आहे. त्यामुळे भट्टीवरच्या झोपडीपर्यंत प्रगणक पोचतो की नाही, याला या वेळी आणखी वजन आहे.